गल्ली गेली, आणि गल्लीतली मराठीही



आपल्या या समूहात जुन्या इंदूरच्या आठवणी लिहिणारे खूप आहेत. कोणी शाळेतल्या मास्तरांबद्दल लिहितं, कोणी सराफ्यातल्या गराडूबद्दल, कोणी अनंत चतुर्दशीच्या झांक्यांबद्दल. वाचून बरं वाटतं. पण एका विषयावर कोणी लिहीत नाही, कारण तो इतका रोजचा झाला आहे की आता दिसतच नाही. तो म्हणजे आपल्या दारासमोरची वाहतूक.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्या मोहल्ल्यांतली मराठी विरळ झाली याचा दोष आपण इंग्रजी शाळांना, टीव्हीला, मोबाईलला आणि पुण्या-बंगलोरच्या नोकऱ्यांना देतो. तो त्यांचा आहेच. पण गल्लीतून धावणाऱ्या गाड्यांचाही त्यात वाटा आहे आणि तो आपण कधी हिशोबात धरलाच नाही. आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे जी रक्कम कुठल्याच खात्यात दिसत नाही तिच्यावर माझी नजर आधी जाते. ही तशीच रक्कम आहे.

मी रामबागेच्या बाजूला वाढलो. साठच्या दशकातली गोष्ट. आमच्या गल्लीत मोटार एकच, डॉक्टरसाहेबांची, आणि ती निघायची तेव्हा आम्ही पोरं बाजूला होऊन जणू सलामी द्यायचो. दोन स्कूटर होत्या. बाकी सगळा कारभार सायकलींचा, आणि स्टेशनवर जायचं असलं तर टांगा. प्रत्येक घराला ओटला. संध्याकाळी पाचनंतर ओटल्यावर बायका, रस्त्यावर पोरं आणि कोपऱ्यावर पुरुष मंडळी अशी वाटणी असायची. सितोलिया, लंगडी, गिल्ली-दांडू, संक्रांतीला पतंग. उन्हाळ्यात पापड-कुरडयांची वाळवणं. पितृपक्षात माळव्यातल्या मुली भिंतीवर शेणाची संजा मांडायच्या, त्यात आपल्या मराठी मुलीही असायच्या, आणि पुढे नवरात्रात भोंडला व्हायचा तेव्हा त्याच माळवी मुली आपल्या फेरात यायच्या. समोरच्या सिंधी घरातला मुलगा आमच्याशी मराठीत भांडायचा. त्याला ती कोणी शिकवली नव्हती.

इथेच माझा मुद्दा आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्याला मराठी दुकानात भेटते, बसमध्ये भेटते, कचेरीत भेटते. आपल्याला ती फक्त दोन जागी भेटत होती, घरात आणि गल्लीत. घरातली मराठी ‘जेव, झोप, अभ्यास कर’ एवढ्यात संपते. चिडवायची, भांडायची, थापा मारायची, गुपित सांगायची मराठी बरोबरीच्या पोरांकडून येते. शेजारच्या काकूला आदराने कसं बोलावं, म्हाताऱ्या नानांची चेष्टा किती करावी, कोणाला अहो आणि कोणाला अरे, हे सगळं ओटल्यावर बसून कानावर पडायचं. साहित्य सभेच्या कार्यक्रमाला वर्षातून चार वेळा जाऊन हे येत नाही. त्याला रोजची संध्याकाळ लागते आणि त्या संध्याकाळीला जागा लागते. ती जागा म्हणजे रस्ता होता.

आता हे निव्वळ म्हाताऱ्याचं हळहळणं नाही, यावर अभ्यास झालेला आहे. डोनाल्ड अॅपलयार्ड नावाच्या नगररचनेच्या प्राध्यापकाने १९६९ च्या सुमारास अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरातले तीन निवासी रस्ते निवडले. घरं साधारण सारखी, रस्ते शेजारचेच, फरक गाड्यांचा. एकावरून दिवसाला सुमारे २,०००, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,००० गाड्या जायच्या. मग त्याने लोकांना विचारलं, तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती आणि ओळखीचे किती? कमी गाड्यांच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र आणि ६.३ ओळखीचे निघाले. जास्त गाड्यांच्या रस्त्यावर मित्र ०.९ आणि ओळखीचे ३.१. म्हणजे मित्र एक तृतीयांशाहून कमी, ओळखी निम्म्यावर.

याहून मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. त्याने लोकांना विचारलं की नकाशावर ‘माझं घर’ कुठपर्यंत आहे ते दाखवा. शांत रस्त्यावरच्या लोकांनी पुष्कळदा अख्खा रस्ताच आपला म्हणून दाखवला. गजबजलेल्या रस्त्यावरच्यांचं ‘माझं’ आपल्या इमारतीच्या, आपल्या बिऱ्हाडाच्या आतच थांबलं. मंडळी, आपल्या जुन्या मोहल्ल्यात हेच झालं नाही का? पूर्वी ‘आमची गल्ली’ म्हणायचो. आता ‘आमचा फ्लॅट’ म्हणतो. (हा अॅपलयार्ड पुढे १९८२ मध्ये अथेन्स शहरात एका भरधाव गाडीखाली सापडून गेला. दैवाचा खेळ म्हणायचा.)

चार माणसांत सगळे एकच भाषा बोलत असतील तर दोन ओळखी कमी झाल्याने भाषेचं काही बिघडत नाही. पण आपण मुळातच थोडे. दहा घरांत तीन घरं मराठी. त्यातली रस्त्यापलीकडची दोन तुटली की एकटं राहिलेलं घर मराठी कोणाशी बोलणार?

हे एका दिवसात झालं नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागायचा. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, १९९१ नंतर कर्जं सोपी झाली, आणि पुढे तर बँकांच्या शाखांना वाहनकर्जाचं टार्गेटच येऊ लागलं. कर्जाच्या अर्जात आम्ही सगळं विचारायचो. पगार किती, जामीन कोण, विमा आहे का, हप्ता कुठून कापायचा. एक प्रश्न मात्र कोणत्याच बँकेच्या फॉर्मवर नसायचा: ही गाडी रात्री उभी कुठे राहणार? जपानमध्ये १९६२ च्या कायद्याने हा प्रश्न विचारला जातो. गाडी ठेवायला जागा आहे असा दाखला दिल्याशिवाय तिकडच्या शहरांत साधारणपणे गाडीची नोंदणीच होत नाही. आपल्याकडे ती जागा सार्वजनिक रस्त्याने फुकट दिली. जिथे सितोलियाच्या चकत्या रचायचो, तिथे आता कव्हर घातलेल्या गाड्या उभ्या असतात.

उभ्या गाड्यांनी खेळाची जागा घेतली, तर धावत्या गाड्यांनी रस्ता ओलांडणं संपवलं. मुख्य रस्ता कुठे ना कुठे खोदलेलाच असतो. तो तुंबला की मोबाईलवरचा नकाशा लगेच ‘इकडून जा’ सांगतो, आणि इकडून म्हणजे आपल्या दारासमोरून. कोचिंगला उशीर झालेली पोरं, दहा मिनिटांत सामान पोचवायचा शब्द दिलेले डिलिव्हरीवाले, ई-रिक्शा, शाळेच्या व्हॅन. यातल्या कोणाचंही आपल्या गल्लीत काम नाही. त्यांना पलीकडे निघायचं आहे. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे पटकन समजावं. ज्याची पाच मिनिटं वाचली फायदा त्याचा, खर्च मात्र गल्लीतल्या चाळीस घरांच्या नावावर. आणि हा खर्च पावतीवर येत नाही, म्हणून तो नाहीच असं सगळे धरून चालतात.

खर्च कोणता, ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्या समोरच्या माई. वय ऐंशीच्या पुढे, पण डोकं तल्लख. रस्त्यापलीकडच्या वहिनींकडे रोज दुपारी चारला चहाला जायचा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. अंतर वीस पावलं. एकदा एका मोटरसायकलवाल्याने चाटून नेलं. लागलं काही नाही, पण पडल्या. त्यानंतर मुलाने एकटं बाहेर पडायचं नाही असं बजावलं. पहिल्यांदा सून हात धरून पोचवायची, मग तिलाही वेळ जमेना. आता माई आणि वहिनी फोनवर बोलतात, एकीला नीट ऐकू येत नाही आणि दुसरीला फोन धरवत नाही. या गोष्टीची नोंद कुठल्या ठाण्यात झाली? अपघात म्हणावा तर अपघात नाही, कोणी दवाखान्यात गेलं नाही. पण दोन म्हाताऱ्या बायकांचं जग वीस पावलांनी तुटलं. आणि आमच्या गल्लीतली उत्तम मराठी बोलणारी दोन माणसं आपापल्या खोलीत गप्प बसली.

ज्यांची नोंद होते त्यांचा आकडाही बघा. सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे पालिका हद्दीतल्या रस्त्यांवर कारला ताशी ७० आणि दुचाकीला ६० किलोमीटरपर्यंत परवानगी आहे, राज्यांनी किंवा स्थानिक अधिकाऱ्यांनी कमी केली नसेल तर. इकडे जगातले देश २०२० मध्ये स्टॉकहोमला जमले आणि जिथे माणसं आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ताशी ३० पुरे, असं त्यांनी जाहीर केलं. स्पेनने २०२१ मध्ये शहरांतल्या एकेरी पट्ट्याच्या रस्त्यांसाठी ३० ची मर्यादा कायद्यात आणली. आवाजाचंही तेच. आपल्याकडे २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री अकराला आमच्या गॅलरीत उभं राहून कोणीही सांगावं की हा नियम इथे लागू आहे असं वाटतं का.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे चौडीकरण. रस्ता रुंद करा, घरांचे ओटले तोडा, पुढची खोली अर्धी कापा. जुन्या इंदुरात किती घरांचे दर्शनी भाग असे गेले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. रुंद झालेला रस्ता थोड्याच दिवसांत पुन्हा भरतो, फक्त आता गाड्या जास्त आणि वेग जास्त. ओटला गेला तो परत येत नाही.

गंमत अशी की याच्या विरुद्ध सल्ला आपल्याच शहराला शंभर वर्षांपूर्वी मिळाला होता. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं आणि १९१८ मध्ये त्याचा दोन खंडांचा अहवाल छापला गेला. हा माणूस मुळात जीवशास्त्राचा, त्यामुळे शहराकडे जिवंत शरीरासारखा बघायचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दाट मोहल्ल्यांतून नकाशावर पट्टी ठेवून सरळ रस्ते काढू नका. पडकी घरं तेवढी काढा, तिथे छोटे मोकळे चौक करा, झाडं लावा, बाकीच्या वस्तीला हात लावू नका. तो सुरी कमीत कमी चालवणाऱ्या शल्यवैद्यासारखा होता. त्याचीच एक गोष्ट प्रसिद्ध आहे. शहरात प्लेग होता, तेव्हा त्याने दिवाळीला मोठी मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की नेहमीचा मार्ग नाही, ज्या मोहल्ल्यातले लोक आपले रस्ते आणि घरं सगळ्यात स्वच्छ ठेवतील तिथून ती जाईल. लोक झाडू घेऊन कामाला लागले.

आज आपण स्वच्छतेत देशात पहिले म्हणून मिरवतो, २०१७ पासून सलग मान मिळत आला, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. ज्या शहराने ओला-सुका कचरा वेगळा करायची सवय घरोघरी लावून दाखवली, त्याला गल्लीत गाडी हळू चालवायची सवय लावता येणार नाही, हे मला पटत नाही. कचराही ‘माझ्या घरातून गेला, आता माझा नाही’ असाच होता. तो विचार बदलला. हॉर्नचा आणि वेगाचाही बदलू शकतो.

आणि जरा विचार करा, बाहेरच्या पाहुण्यांना आपण काय दाखवायला नेतो? रात्रीचा सराफा. छप्पन दुकान. रंगपंचमीची गेर. या तिन्ही ठिकाणी त्या वेळी रस्ता गाड्यांचा नसतो, माणसांचा असतो. छप्पन दुकानचा रस्ता २०२० मध्ये गाड्यांना बंद करून पायी चालणाऱ्यांना दिला. आज तिथली गर्दी बघा. म्हणजे रस्त्यावर माणसं जमली की आपल्याला आवडतं, त्यातूनच शहराचं नाव होतं. मग हे सुख फक्त खाण्याच्या गल्लीला आणि राहत्या गल्लीला नाही, असं का?

काही जण म्हणतील, भिया, गाड्या तर अपल्या सगळ्यांच्याच दारात आहेत, मग तक्रार कोणाची करता? बरोबर आहे. पण माझी तक्रार गाडी असण्याबद्दल नाही. गल्लीत राहणाऱ्याची गाडी हळूच येते, कारण त्याला माहीत असतं की या वळणावर अमक्याचा नातू धावत येतो. तक्रार आहे ती गल्लीला पुलासारखं वापरणाऱ्यांबद्दल. दुसरे म्हणतील, पोरं तशीही मोबाईलवरच आहेत, रस्ता रिकामा केला तरी बाहेर येणार नाहीत. पण सुटीत आमच्या मागच्या बंद गल्लीत, जिथून पलीकडे वाट नाही, तिथे आजही पोरं क्रिकेट खेळताना दिसतात. त्याच वयाची, तशीच मोबाईलवाली. तिसरं म्हणणं, अॅम्ब्युलन्स अडेल. अॅम्ब्युलन्स आजही अडते, दोन्ही बाजूंच्या उभ्या गाड्यांमुळे.

मग करायचं काय? मला सुचतं ते असं.

पहिलं म्हणजे, निवासी गल्ल्यांतून आरपार जाणारी चारचाकी वाहतूक थांबवावी. एका टोकाला झाडांच्या कुंड्या किंवा काढता येणारे खांब लावले की राहणारे येऊ शकतात, सायकल आणि पायी माणूस जाऊ शकतो, अॅम्ब्युलन्ससाठी खांब काढता येतो, पण शॉर्टकट बंद होतो. हॉलंडमध्ये डेल्फ्टसारख्या गावांनी पन्नास वर्षांपूर्वी असे रस्ते केले जिथे गाडी माणसाच्या चालीने चालते, आणि १९७६ मध्ये त्याला कायद्याचं रूपही दिलं.

दुसरं, गतिरोधक करायचे तर नियमाने करा. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप ठरलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, म्हणजे गाडी ताशी २५ ने सुखरूप जाते. आपल्याकडे रात्रीतून कोणीतरी डांबराचा ढीग टाकतो, त्याने वेग कमी होत नाही, म्हाताऱ्यांची कंबर मात्र जाते.

तिसरं, गाड्या एकाच बाजूला उभ्या राहाव्यात आणि दुसऱ्या बाजूला चालायला सलग जागा सुटावी. मोकळा फूटपाथ निदान १.८ मीटर असावा, असं त्याच संस्थेचं म्हणणं आहे. २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने फूटपाथचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. आता मागायला संकोच कशाला?

चौथं आपल्याच हातात आहे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी पाच ते सात, रहिवाशांच्या सह्या घेऊन आणि रीतसर परवानगी काढून, गल्ली गाड्यांना बंद ठेवायची. कार्यक्रम ठेवायचा नाही. भाषण नाही, सत्कार नाही, माईक तर अजिबात नाही. खुर्च्या बाहेर काढायच्या एवढंच. माईंना वहिनींकडे नेऊन बसवायचं. पोरांना खडू द्यायचा. मराठी घरांनी मराठीत बोलायचं, इतरांनी त्यांच्या भाषेत. कान तयार होतात ते असेच.

आपण मराठी मंडळं चालवतो, गणेशोत्सवात नाटकं बसवतो, नातवंडांना मराठी यावी म्हणून वर्ग काढतो. ते चालू राहावं. पण वर्गात शिकलेली भाषा वापरायला जागा लागते. ती दारासमोर होती, आपण तिच्यावरून वाहतूक जाऊ दिली, आणि आता तिथे भाषेचे वर्ग भरवायला हॉल भाड्याने घेतो. हा व्यवहार कोणत्याही ताळेबंदात तोट्याचाच दिसेल.

बेळगाव, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबाद इथलीही मंडळी हा समूह वाचतात. तुमच्याकडे काय स्थिती आहे ते जरूर लिहा. लिहिण्याआधी एक छोटं काम करा. आपल्या घराच्या समोरच्या बाजूची दहा घरं मनात आणा आणि त्यातल्या किती घरांतल्या माणसांची नावं तुम्हाला माहीत आहेत ते मोजा. मग तुमच्या आईला तुमच्या वयात किती माहीत असती ते मोजा. दोन्ही आकडे खाली लिहा. पुढच्या महिन्यात आमच्या गल्लीच्या सह्या गोळा करायला निघेन तेव्हा हे आकडे मला कागदाला जोडायचे आहेत.